स्वतःची चूल पेटेपर्यंत

दिवाळी सरली की आमच्या कासारसाईच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. साखर कारखान्याच्या आसपास, रानाच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली थांबते. तिच्यातून खाली उतरलेली बाई सर्वांत आधी काय करते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. ती तीन दगड शोधते. कोपी अजून उभी राहिलेली नसते, बोचकी सुटलेली नसतात, कडेवरचे पोर रडत असते. तरी तीन दगड मांडले जातात, गोळा केलेल्या काटक्या पेटतात आणि काळ्या पातेल्यात चहाचे आधण चढते. धूर वर गेला की बाकीची माणसे सैलावतात. आपण आता इथे आलो, हे त्या धुराने पक्के होते.

ही माणसे निर्वासित नाहीत. ती पोटासाठी येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावी परततात. त्यांची दुःखे वेगळी आहेत आणि त्यांच्यावर वेगळे पुस्तक लिहायला हवे. पण युद्धात सापडलेल्या साध्या माणसांना तातडीने मदत कशी पोचवावी, या विषयावरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसले, तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्यांदा ते तीन दगड आले. या विषयात मला जे काही सांगायचे आहे, ते त्या तीन दगडांपाशीच सुरू होते.

'तातडी' हा शब्द आपण फार सहज वापरतो. ट्रक किती तासांत निघाला, किती क्विंटल धान्य गेले, किती पाकिटे वाटली, यांवर आपण तातडी मोजतो. मीही तशीच मोजत असे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा आमच्या भागातून मदतीचा ट्रक घेऊन आम्ही काही जण शिरोळ तालुक्यात गेलो. एका दिवसात सामान गोळा केले, रात्रभर प्रवास केला. पोचलो याचा अभिमान होता. पूरग्रस्तांना ठेवले होते त्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही ट्रक रिकामा केला, तेव्हा आपण काय आणले आहे ते पहिल्यांदा नीट दिसले. जुन्या कपड्यांचा डोंगर होता. ब्लाउज-परकर नसलेल्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी, ऑगस्टच्या दमटात लोकरीचे स्वेटर. बिस्किटांचे पुडे तर तिथे आधीच छताला लागले होते. एक मध्यमवयीन बाई ढिगाऱ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली, कशालाही हात न लावता. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, एक शेगडी मिळेल का? आणि एक पातेलं. पोरांना माझ्या हातचा भात घालीन म्हणते."

आमच्याकडे शेगडी नव्हती आणि पातेलेही नव्हते. ट्रकभर वस्तूंमध्ये तिला स्वतःच्या पायावर उभे करील अशी एकही वस्तू नव्हती. त्या दिवसापासून मी तातडी वेगळ्या रीतीने मोजते. आपण किती लवकर निघालो, हा पहिला प्रश्न खराच. पण त्याहून मोठा प्रश्न असा, की ते माणूस किती लवकर स्वतःच्या चुलीशी बसले? या दोहोंच्या मधला काळ कमी करणे, हेच या कामाचे सगळे शास्त्र आहे.

महापूर आणि युद्ध यांत एक मूलभूत फरक आहे. पुराचे पाणी कोणाच्या इच्छेने चढत नाही आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ते उतरते. युद्धात मात्र मदत पोचू नये, असे कोणाला तरी वाटत असते. रस्ता असतो, पण त्यावर चौकी असते. चौकी ओलांडली तरी पुढच्या शेतात न फुटलेले तोफगोळे आणि सुरुंग असतात. दवाखाना असतो, पण वीज नसते आणि वीज नाही म्हणून रक्तपेढीतले रक्त आणि थंडाव्यात ठेवायच्या लसी वाया जातात. म्हणून युद्धातल्या मदतीला धैर्याबरोबर कायदा, नकाशा, परवानगी आणि दोन्ही बाजूंचा विश्वास लागतो. हा विश्वास ऐन वेळी मिळत नाही. तो शांततेच्या दिवसांत कमवून ठेवावा लागतो.

त्या कायद्याची कथा २४ जून १८५९ या दिवसापासून सुरू होते. उत्तर इटलीत सोल्फेरिनोच्या रणभूमीवर एका दिवसात हजारो माणसे मेली, त्याहून कितीतरी अधिक जखमी होऊन पडली. आँरी द्युनाँ हा जिनिव्हाचा व्यापारी स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी तिकडे आला होता. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायांनी चर्चमध्ये आणलेल्या जखमींची शुश्रूषा आपला-परका न पाहता केली, हे त्याने पाहिले आणि तोही त्यांच्यात मिसळला. पुढे त्याने त्यावर पुस्तक लिहिले, १८६३ मध्ये रेडक्रॉसची स्थापना झाली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. हा करार जखमी सैनिकांसाठी होता. नागरिकांना युद्धकाळात संरक्षण देणारा स्वतंत्र, चौथा जिनिव्हा करार व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात दोन महायुद्धे होऊन गेली होती. आपण लक्षात ठेवायचे ते हे, की या सगळ्या इमारतीचा पाया एका लहान गावातल्या बायकांनी घातला. मदतीला सर्वांत आधी पोचतो तो शेजारी. बाहेरून येणाऱ्याने त्या शेजाऱ्याचे हात बळकट करायचे असतात.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे निघाले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तिथेच राहिले, चिनी भाषा शिकले, तिथल्या परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. आपण त्यांच्या त्यागाला नमस्कार करतो आणि तो योग्यच आहे. पण या पुस्तकाच्या वाचकाने त्यांच्या भाषा शिकण्याकडे अधिक बारकाईने पाहावे. दुखते कुठे, हे ज्या भाषेत माणूस सांगतो ती भाषा डॉक्टरला आली पाहिजे, हे त्यांना कळले होते.

या विषयातला आपला सर्वांत मोठा धडा मात्र कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आहे. तो मी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या पुस्तकाचा गाभा तोच आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबेच्या कुटुंबे मध्यरात्री उठवून मालगाड्यांत कोंबली गेली आणि सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. जर्मनीने १९४१ मध्ये रशियावर हल्ला केल्यावर चित्र पालटले. सुटका झालेले पोलिश लोक दक्षिणेकडे सरकू लागले. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सैनिक आणि नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसे इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. उवांनी भरलेली, टायफसने फणफणलेली, हाडांचा सापळा झालेली माणसे होती ती. किनाऱ्यावर तंबू ठोकले होते. कपडे जाळले गेले, डोकी भादरली गेली, अंघोळी घातल्या गेल्या. हे सर्व शहाणपणाचे होते. पण एक चूक झाली. महिनोन्महिने उपाशी असलेल्या पोटांना चरबीदार मटणाचे जेवण मिळाले. आक्रसलेल्या आतड्यांना ते सोसले नाही आणि वाचून आलेली कित्येक माणसे त्या जेवणाने दगावली. प्रेमाने, भरभरून आणि तातडीने दिलेले अन्न जीव घेऊ शकते, हे पहलवीच्या वाळूने शिकवले. आज कुपोषितांना थोडे थोडे, ठरावीक मापाने अन्न देण्याची जी पद्धत आहे, तिची गरज अशाच प्रसंगांतून पटली आहे.

भारताने या माणसांसाठी दार उघडले. मुंबईतल्या पोलिश वकिलातीच्या पुढाकाराने ट्रकांचा ताफा मदतसामान घेऊन अश्गाबादपर्यंत गेला आणि येताना अनाथ मुलांना घेऊन आला. १९४२ मध्ये त्या मुलांचा काही काळ मुक्काम मुंबईत वांद्र्याला होता. पुढे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना बालाचडीला आपल्या छायेत घेतले. पाचगणीची थंड हवा आजारी मुलांच्या उपयोगी पडली. आणि १९४३ पासून वळिवड्यात मोठी वसाहत उभी राहिली. पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गालगत, कोल्हापूर संस्थानच्या भूमीवर सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहू लागली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती.

वळिवड्याचे वेगळेपण त्या वसाहतीच्या रचनेत आहे. लांबलचक बराकी होत्या, पण त्यांच्या आत प्रत्येक कुटुंबाला आपल्या खोल्या, आपला व्हरांडा आणि आपले स्वयंपाकघर होते. सगळ्यांनी थाळी घेऊन रांगेत उभे राहायचे, असा कारभार तिथे नव्हता. कुटुंबांना भत्ता मिळे. त्या पैशातून बाया बाजारातून हवे ते घेत आणि आपल्या हाताने आपल्या चवीचे रांधत. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते, नाटके होत, मुलामुलींचे स्काउट पथक होते. आज मदतकार्याच्या क्षेत्रात वस्तूंऐवजी रोख पैसे द्यावेत, लोकांना निवडीचा हक्क असावा, मुलांची शाळा पहिल्या दिवसापासून सुरू करावी, याची मोठी चर्चा चालते. आपल्या कोल्हापूरच्या मातीत हे ऐंशी वर्षांपूर्वी घडले आहे.

याल्टाच्या १९४५ च्या परिषदेनंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला आणि वळिवड्यातल्या बहुतेकांना परतायला घरच उरले नाही. वसाहत १९४८ पर्यंत चालली. तिथले लोक मग जगभर पांगले. पुढे त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आज जे गांधीनगर कापडाच्या घाऊक पेठेसाठी प्रसिद्ध आहे, ते तिथलेच. आमच्या कासारसाईहून फार दूर नसलेल्या पिंपरीतही फाळणीनंतर अशीच निर्वासितांची छावणी होती. एका युद्धातल्या माणसांसाठी बांधलेले छप्पर पुढच्या संकटातल्या माणसांना तयार मिळाले. तातडी म्हणजे काय, याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. तातडी दिसते संकटाच्या दिवशी, पण तिची तयारी कितीतरी आधी झालेली असते.

आणि उपकार फिरून येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा तिथे वैद्यकीचे शिक्षण घेणारी आपली मुले कडाक्याच्या थंडीत सीमेकडे चालत निघाली. पोलंडने भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाशिवाय आत घेतले. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, हे त्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल? आपल्या प्रत्येक शाळेत ते सांगितले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा धडा १९७१ चा आहे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्या वर्षी १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा 'निर्वासित साहाय्य' तिकीट लावावे लागे. माझ्या आईच्या पेटीत त्या काळातले एक पाकीट आहे. मामाने बहिणीला लिहिलेले साधे खुशालीचे पत्र, आणि कोपऱ्यात नेहमीच्या तिकिटाशेजारी ते छोटे तिकीट. सीमेपासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या मावळ-मुळशीतल्या माणसानेही पत्र टाकताना त्या एक कोटींचा भार पाच पैशांनी उचलला होता. प्रत्येकाने थोडे, पण सर्वांनी आणि नेमाने द्यायचे, हे मदतीचे सर्वांत टिकाऊ सूत्र त्या तिकिटात आहे.

त्याच वर्षी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. रुग्णालयाच्या जमिनीवर माणसे पडली होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा धाडस केले. ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठरलेल्या प्रमाणात मिसळून पुड्या बांधल्या, त्या पाण्यात कालवून पिंप भरून ठेवले आणि रुग्णाच्या नातेवाइकांना सांगितले: कपाने पाजत राहा. जिथे साधारण तीस टक्के रुग्ण मरत होते, तिथे हे पाणी मिळालेल्यांतला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. आज आपण घरोघरी वापरतो ते ओआरएस अशा रणधुमाळीत कसाला लागले. महालनबीस यांनी वाचवण्याचे साधन आईच्या हातात दिले, याकडे मला लक्ष वेधायचे आहे. सुई टोचायला शिकलेला माणूस लागतो. कप तोंडाला लावायला आई पुरते. तिथेही मदत वेगाने पसरली, कारण ती माणसांच्या स्वतःच्या हातांत गेली.

हे दोन्ही धडे मनात ठेवून हे पुस्तक वाचावे. यातला मजकूर कासारसाईच्या तलावाकाठी भरलेल्या दोन दिवसांच्या शिबिरातून आकाराला आला. परिचारिका, वाहनचालक, शिक्षक, महाविद्यालयीन मुले आणि निवृत्त फौजी असे पंचवीसेक जण तिथे जमले होते. पहिल्या भागात पहिल्या बहात्तर तासांचे काम आहे: पाणी, निवारा, जखमींची विभागणी, हरवलेल्यांची नोंद. जगभरात मान्य झालेली मापे तिथे दिली आहेत. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय, माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. हे आकडे पाठ करण्यापुरते नाहीत. बायकांच्या शौचालयाला आतून कडी नसेल आणि वाटेवर दिवा नसेल, तर बाया अंधार पडल्यावर तिकडे जात नाहीत, पाणी कमी पितात आणि आजारी पडतात. आकडा जमला तरी काम फसते ते असे.

दुसऱ्या भागात काय देऊ नये, याची यादी आहे. तो भाग कोणी वगळू नये. तान्ह्या मुलांसाठी दुधाच्या भुकटीचे डबे पाठवणे ही दात्यांची लाडकी कल्पना असते. स्वच्छ पाणी आणि उकळण्याची सोय नसेल तिथे तीच भुकटी बाळांना जुलाब लावते, आणि आईचे दूध आटते ते वेगळेच. मुदत संपलेली औषधे, ओळख न पटणारी औषधे, वापरलेले कपडे यांनी गोदामे भरतात आणि गरजेचे सामान बाहेर पावसात भिजते. दुःखी माणसाचा फोटो त्याला न विचारता काढू नये, हेही त्याच यादीत आहे. ज्याने घर गमावले त्याच्याजवळ त्याचा चेहरा तरी त्याचा राहू द्यावा.

तिसरा भाग नंतरच्या महिन्यांचा आणि वर्षांचा आहे. बातम्या थांबतात, देणग्या आटतात, आणि तेव्हाच काम अवघड होते. पुण्यातून 'सरहद'ने काश्मिरी मुलांच्या शिक्षणासाठी आणि 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन'ने कुपवाड्यासारख्या भागातल्या अनाथ मुलींसाठी जे केले, ते या दीर्घ चिकाटीचे काम आहे. मे २०२५ मध्ये पूँछमध्ये घरांवर तोफगोळे पडले, तेव्हा तिथल्या माणसांनाही पहिल्या रात्री आसरा हवा होता आणि त्यानंतरच्या अनेक महिन्यांत कोणीतरी सोबत हवे होते. पहिली गरज सर्वांना दिसते. दुसरी पाहायला शिकवणे, हा या पुस्तकाचा हेतू आहे.

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही एक सराव केला. पाच माणसांच्या कुटुंबाला पहिल्या दिवशी द्यायचा एक खोका मुलांनी भरला. मग दिवे मालवले आणि एका परिचारिकेला तो अंधारात उघडून वापरायला सांगितला. ताडपत्री होती, दोरी होती, झाकणाची बादली, साबण, चादरी, ओआरएसची पाकिटे, सॅनिटरी पॅड, तांदूळ, डाळ, मीठ, तेल, हळद होती. तिने सगळे चाचपून पाहिले आणि विचारले, "शिजवायचं कशात?" मुले गप्प झाली. २०१९ च्या त्या व्हरांड्यात मी जशी गप्प झाले होते तशीच.

त्या रात्री यादी नव्याने लिहिली गेली. पातेले, झाकण, पळी, छोटी शेगडी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी आता सर्वांत वर आहे. ती यादी या प्रस्तावनेनंतरच्या पहिल्याच पानावर छापली आहे. पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येकाने तिथून सुरुवात करावी. ते पान फाडून जवळ ठेवले तरी चालेल.

कासारसाई, ता. मुळशी, जि. पुणे